‘टूर संपली की बघू’ : साथीला वाजवणाऱ्याचे पैसे नेमके कुठे बुडतात

मुंबई-पुण्यातल्या स्वतंत्र रॉक बँडचे स्टेजवर पाच जण दिसत असले, तरी बँड बहुतेक वेळा एकदोघांचाच असतो. गाणी त्यांची, नाव त्यांचं, करारावर सही त्यांची. बाकीचे टूरपुरते बोलावलेले: ड्रमर, बेसिस्ट, कीबोर्डवाला, कधी दुसरी गिटार. या ‘सेशन’वाल्यांचं नाव पोस्टरवर नसतं, ते एक वेळ चालतं. पण ते कुठल्याच कागदावर नसतं, खरी गोम तिथे आहे. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक लबाडी याच फटीतून आत शिरते.

पैसा खाली कसा उतरतो ते आधी पाहा. कॉलेज किंवा प्रायोजक इव्हेंट कंपनीला देतो, ती एजन्सीला, एजन्सी बँडलीडरला आणि बँडलीडर वादकाला. प्रत्येक पायरीवर महिना-दोन महिन्यांची उधारी चालते. पैसे अडले की लीडर एजन्सीकडे बोट दाखवतो आणि एजन्सी म्हणते, ‘आमचा तुझ्याशी करारच नाही.’ वाईट म्हणजे एजन्सीचं म्हणणं खरं असतं. म्हणून तारीख देण्याआधी ‘कोण देणार?’ हे विचारा, ‘किती देणार?’ हे त्यानंतर. देणाऱ्याचं पूर्ण नाव, कंपनी असेल तर कंपनीचं नोंदलेलं नाव, आणि पैसे कुठल्या खात्यातून येणार, हे मेसेजवर लिहून मागा. आयोजक पैसे देवो न देवो, वादकाला अमुक तारखेला मिळतील, हेही त्यातच यायला हवं. ‘आम्हाला आले की तुला देतो’ हे मान्य केलंत, तर वरच्या सगळ्यांची बुडीत उधारी तुमच्या डोक्यावर आली.

आता हिशेब. समजा ८ शो, प्रत्येकी १२,००० रुपये. आकडा ९६,००० होतो आणि बरा वाटतो. पण शो १३ दिवसांत पसरलेले असतात, त्याआधी जॅमरूममध्ये ५ दिवस तालीम. म्हणजे १८ दिवस अडकले, दिवसाला ५,३३३ रुपये पडले. त्यातले २ शो ‘परमिशन नाही मिळाली’ म्हणून ऐन वेळी गळाले की ७२,००० उरतात, म्हणजे दिवसाला ४,०००. शो गळाला तरी तारीख अडकलेलीच होती. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम, डिसेंबरात गोवा आणि लग्नं एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे सोडलेलं काम परत मिळत नाही. रद्द शोचं काय, हे आधी ठरलेलं नसेल तर उत्तर ‘काही नाही’ हेच असतं. ठरवताना पायऱ्या लावा: १५ दिवस आधी रद्द झाला तर २५ टक्के, ७२ तासांच्या आत रद्द झाला तर पूर्ण. तालमीचे पैसे वेगळे, प्रवासाच्या दिवसाचा भत्ता वेगळा.

सामानाचंही तेच. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर साधारण १५ किलो चेक-इन मिळतं. ड्रमर स्नेअर, झांजा, किक पेडल घेऊन निघाला की ते वजन तिथेच संपतं, कपडे अजून भरायचे असतात. ‘एक्सेस बॅगेज आम्ही बघतो’ हे फोनवर म्हटलं जातं आणि काउंटरवर कार्ड वादकाचं घासलं जातं. पावतीवर नाव वादकाचं, मग परतफेडीच्या यादीतून ती हमखास ‘राहून’ जाते.

सगळ्यात सफाईदार चोरी मात्र कपातीच्या नावाखाली होते, कारण तिला सरकारी वास असतो. ९६,००० च्या बिलावर सांगितलं जातं: ‘१० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) आणि १८ टक्के जीएसटी कापून देतो.’ म्हणजे २६,८८० रुपये गेले, हातात ६९,१२०. यातला जीएसटीचा भाग सरळ थाप आहे. जीएसटी देणाऱ्याने कापून घ्यायचा नसतोच. नोंदणी असलेला वादक तो बिलावर वरून लावतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आणि नोंदणी नाही, तर त्या बिलावर जीएसटीचा विषयच येत नाही.

टीडीएस खरा असू शकतो, पण तपासल्याशिवाय मानू नका. व्यावसायिक फीवर एजन्सी १० टक्के कापते, तेही त्या एका देणाऱ्याकडून वर्षभरात ५०,००० च्या वर रक्कम गेली तर (ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, आधी ३०,००० होती). कापणाऱ्याकडे टॅन नंबर, म्हणजे कर कापणाऱ्याचा सरकारी क्रमांक, हवाच: आधी चार अक्षरं, मग पाच आकडे, शेवटी एक अक्षर. तो आयकराच्या पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावाचा ते दिसतं. बँडलीडर साधा एकटा माणूस असेल, धंद्याची उलाढाल मोठी नसेल, तर त्याने हा टीडीएस कापायचं कारणच नाही. त्याच्याकडे टॅन नसतो आणि कापलेले पैसे त्याच्याच खिशात राहतात. टॅन असलेल्याने एका महिन्यात कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची असते, मार्चची ३० एप्रिलपर्यंत. तिमाहीचं विवरण गेलं की ती वादकाच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या त्याच्या कर-पत्रकात, उमटते. डिसेंबरच्या टूरची कपात फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिसली नाही, तर लगेच लेखी विचारा, आणि ‘आमच्या सीएला विचारतो’ एवढ्यावर दोन आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नका. मार्च संपला की त्या कंपनीचं नाव बदललेलं असू शकतं.

याची उलटी बाजू कमी लोकांना ठाऊक आहे. ‘फॉर्मॅलिटी’ म्हणून सगळ्या वादकांचे पॅन आणि रद्द केलेले चेक घेतले जातात. नंतर एखाद्याच्या पॅनवर त्याला न मिळालेली फी खर्च म्हणून दाखवली जाते, रोखीत फिरलेला पैसा पांढरा करायला. वादकाला हे कळतं जुलैत, विवरण भरताना, कधीच न केलेल्या कामाचं उत्पन्न आयकर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाच्या नोंदींत, दिसल्यावर. तिथेच त्या नोंदीवर ‘माहिती बरोबर नाही’ असा अभिप्राय नोंदवता येतो. तो नोंदवाच, गप्प बसून कर भरू नका. पॅनची प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा: कुठल्या टूरसाठी, कुणाला, तारीख.

पुढच्या तारखेचा चेक ही जुनी युक्ती अजून चालते. चेक मिळाला की माणूस निवांत होतो. मग फोन येतो, ‘या आठवड्यात टाकू नकोस, फंड यायचाय.’ पुढच्या आठवड्यात तेच. चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिन्यांत सादर झाला नाही तर तो कागदाचा तुकडा, हे समोरच्याला पक्कं माहीत असतं. चेक बँकेत टाका. परत आला तर बँकेच्या मेमोपासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची; नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार करायची. यातला एक टप्पा चुकला की हातात असलेलं सगळ्यात धारदार हत्यार बोथट होतं. आणि खात्यात शिल्लक नाही हे ओळखूनच तो गयावया करत असतो, तेव्हा संकोच करू नका.

रेकॉर्डिंगचं प्रकरण जरा खोल आहे. टूरमधला एखादा शो मल्टिट्रॅकवर, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं, टिपला जातो, ‘आपल्याच आठवणीसाठी’. सहा महिन्यांनी तोच लाइव्ह अल्बम म्हणून बाहेर पडतो आणि बेस वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. हे नवं नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा गोव्याच्या माणसांनी वाद्यवृंद उभे केले आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव आलं ते संगीतकाराचं. फरक इतकाच की आज कायदा थोडा तरी बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यात वादक हा ‘परफॉर्मर’ आहे, त्याचा हक्क ५० वर्षं चालतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ए आणि ३८बी आली: सादरीकरणावरचा आर्थिक हक्क आणि वादक म्हणून नाव लागण्याचा हक्क.

म्हणूनच तर व्हाउचरवर ती एक ओळ घुसवतात. ३,००० रुपयांच्या पावतीखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, ‘सर्व हक्क कायमचे हस्तांतरित’. मध्यरात्री साउंडवाला केबल गुंडाळत असताना, टॅक्सी खाली उभी असताना ती सही घेतली जाते. सही करण्याआधी ती ओळ पेनाने खोडून शेजारी आद्याक्षरं टाका आणि फोटो काढा. मुदत आणि प्रदेश लिहिलेलाच नसेल तर घाबरू नका: कलम १९ प्रमाणे मुदत ५ वर्षं आणि प्रदेश भारतापुरता धरला जातो, आणि हे कलम वादकाच्या हक्कालाही लागू आहे. आपल्याकडे गायक-वादकांच्या रॉयल्टीसाठी इसाम्रा ही संस्था आहे. अमेरिकेत इंटरनेट रेडिओची वैधानिक रॉयल्टी साउंडएक्सचेंजमार्फत वाटली जाते, तिथे ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, ४५ मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीच्या वादक-गायकांच्या निधीला जातात. त्या पाच टक्क्यांपर्यंत पोचायचं तर क्रेडिटमध्ये नाव हवं. शो संपल्याच्या रात्री लाइन-अप, वाद्य आणि तारीख ईमेलने बँडलीडरला पाठवून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

परदेश टूरचं आमिष वेगळ्या जातीचं, तिथे सरळ लूट असते. ‘अमेरिकेत १२ शहरं, तुझी निवड झालीय, व्हिसा प्रोसेसिंगचे ८५,००० भर.’ नेमक्या प्रक्रियेत वादकाने पहिला अर्ज करायचाच नसतो. अमेरिकेतला आयोजक किंवा एजंट आय-१२९ हा अर्ज दाखल करतो, त्याची पावती येते, तिच्यावर तीन अक्षरं आणि दहा आकड्यांचा नंबर असतो. तो नंबर अमेरिकी इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर कुणालाही टाकून बघता येतो. नंबर मागितला की खोट्या आयोजकाची भाषा बदलते. शिवाय बँडसाठीच्या पी-१ व्हिसात किमान ७५ टक्के सदस्य बँडसोबत वर्षभर तरी असावे लागतात, तेव्हा गेल्या महिन्यात उभ्या केलेल्या बँडला ‘पी-१ पक्का’ म्हणणारा एक तर अडाणी आहे किंवा चोर. पर्यटक व्हिसावर जाऊन वाजव, असं सांगणारा त्याहून वाईट, कारण विमानतळावर परत पाठवला जातो तो वादक, आयोजक नव्हे. ब्रिटनच्या बाबतीत परवाना असलेल्या प्रायोजकांची यादी सरकारी संकेतस्थळावर खुली असते. आमंत्रण देणारी संस्था तीत आहे का, ते पाहा.

क्रूझवरचा बँड हे गोव्यातल्या आणि मुंबईतल्या वादकांचं जुनं पोट भरण्याचं साधन, आणि एजंटांचंही. जहाजावर नोकरी लावणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो. परवानाधारकांची यादी तिथे उपलब्ध आहे. नोकरी लावल्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. वैद्यकीय दाखला, सीमन बुक (खलाशाची सरकारी नोंदवही) आणि पासपोर्ट यांचा खर्च उमेदवाराचा. व्हिसाचा खर्च आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार जहाजमालकाचा. म्हणजे ‘व्हिसा आणि प्लेसमेंट मिळून सव्वा लाख’ या वाक्यातला एकही रुपया द्यायचा नाही. आखातातल्या हॉटेलांसाठी नियम वेगळा: नोंदणीकृत भरती एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो, पावती देऊन. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सापडलं पाहिजे. कुणी मूळ पासपोर्ट ‘सांभाळायला’ मागितला तर बोलणं तिथेच थांबवा.

टूरचे अडकलेले पैसे वसूल करायला एक रस्ता वादक विसरतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट असते आणि एकटा वादकही सूक्ष्म सेवा उद्योग म्हणून ती करू शकतो. काम स्वीकारण्याआधी ती केलेली हवी. नंतर केली तर समोरचा वकील तेवढ्यावरच अडवतो. नोंदणी असली की लेखी करारात कितीही मुदत लिहिली तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत, करारच नसेल तर १५ दिवस. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. अर्ज लहान उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर करायचा. एजन्सीच्या नावे बिल असेल तरच हे चालतं, बँडलीडरच्या तोंडी शब्दावर चालत नाही. पोलिसांकडे गेलात तर ‘हे दिवाणी आहे’ असं बहुधा ऐकावं लागतं, कारण पैसे थकणं म्हणजे फसवणूक नव्हे. सुरुवातीपासून द्यायचा इरादाच नव्हता, हे दाखवावं लागतं. व्हिसाच्या नावाने ऑनलाइन पैसे उकळले असतील तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे लगेच, त्याच तासात, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता राहते.

साध्या थकबाकीच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते आणि पुरावा म्हणून शेवटी उरतात ते मेसेज. टूरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनतो त्यात तारखा, फी, हॉटेल, सगळं ठरतं. टूर संपत आली की अ‍ॅडमिन गुपचूप ‘डिसअपिअरिंग मेसेज’ चालू करतो, म्हणजे नवे मेसेज २४ तासांत किंवा ७ दिवसांत आपोआप पुसले जातात. ग्रुपमध्ये त्याची एक करडी ओळ येते आणि साउंडचेकच्या धांदलीत ती कुणी वाचत नाही. ती ओळ दिसली की त्याच दिवशी जुनी चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा आणि फी, तारखा, बाकी रक्कम तीन ओळींत लिहून बँडलीडरला वेगळी मेल टाका. फोन विकू किंवा रीसेट करू नका; कोर्टात चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्या वेळी मूळ फोन हाताशी असलेला बरा.