कुशनच्या पायपिंगसाठी वॉकिंग फूट मशीन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मशीन जुलैत आलं आणि आता एप्रिल संपत आलाय. मधे गणपती, दिवाळी, लग्नसराई असे तिन्ही हंगाम त्याच्यावर काढले. घेताना मला मराठीत कुणाचा अनुभव वाचायला मिळाला नव्हता, म्हणून जे जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे.

आमचं काम सोलापुरात, घराच्याच मागच्या दोन खोल्यांत. चादरीच्या जॅकार्ड (विणीतच नक्षी असलेल्या) कापडाचे दिवाण सेट, कुशन कव्हरं, लोड-तक्क्यांचे अभ्रे आणि सोफ्याच्या गाद्या शिवतो. मी आणि शिवणाऱ्या दोन मावशी. गावात युनिफॉर्म शिवणारे कारखाने पुष्कळ, त्यामुळे साधं सिंगल निडल मशीन, त्याचे सुटे भाग, त्याचे मेकॅनिक सहज मिळतात. आम्हीही सात वर्षं त्याच मशीनवर पायपिंग, म्हणजे दोरीवर कापडाची पट्टी गुंडाळून केलेली कड, लावत होतो. एका बाजूचा झिपर फूट (फूट म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) लावायचा, दोरीला बोटाने दाबत न्यायचं. जमत होतं, पण प्रत्येक कव्हराला थोडी झुंज असायची.

ती झुंज कशाची, हे मला नवीन मशीन आल्यावर नीट उमगलं. पायपिंग लावलेल्या कडेत वरचं कापड, पायपिंगच्या मायेचे (शिवणीसाठी सोडलेल्या कडेचे) दोन पदर आणि खालचं कापड असे चार थर असतात, शिवाय शेजारी दोरीचा उंचवटा. साध्या मशीनमध्ये कापड पुढे नेतात ते फक्त खालचे दाते. वरचा फूट नुसता दाबून बसतो, म्हणून वरचा थर मागे रेंगाळतो. १६ इंचाची एक बाजू शिवून कोपऱ्यावर आलं की वरचं कापड अर्धा इंच जास्त उरलेलं असायचं. मग ते ओढून बसवायचं, आणि कुशन भरल्यावर तिथे चुणी दिसायची. आम्ही टाचण्या लावल्या, कच्ची शिवण घातली, हात बसण्याची वाट पाहिली. दोष हातात नव्हताच.

नवीन मशीन कंपाउंड फीडचं, म्हणजेच वॉकिंग फूटचं आहे. या जातीतलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव म्हणजे जुकी या जपानी कंपनीचं डीएनयू-१५४१. माझं त्याच धाटणीचं, पण चिनी बनावटीचं, स्टँड आणि सर्वो मोटरसकट पन्नास हजारांच्या थोडं वर पडलं. यात सुई कापडात असतानाच खालचे दाते, आतला फूट आणि सुई असे तिघे मिळून कापड पुढे नेतात. आतला फूट उचलून मागे येतो तेवढा वेळ बाहेरचा फूट कापड धरून ठेवतो. चारही थर एकाच चालीने सरकतात. पहिल्याच दिवशी टाचणी न लावता चादरीच्या कापडाची १६ इंचाची बाजू शिवली आणि दोन्ही कडा कोपऱ्यावर एकमेकींवर बरोबर आल्या. मावशींनी कापड उलटून पाहिलं, पुन्हा सुलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, हे तर न ओढताच आलं." त्या दिवसाचा आनंद अजून मनात आहे.

खरी शिकवणी पुढेच होती. मशीनसोबत जो फूट येतो तो सपाट शिवणीचा. पायपिंगसाठी खाली खोबण असलेली आतल्या-बाहेरच्या फूटांची जोडी वेगळी घ्यावी लागते. ती १/८, ३/१६, १/४, ३/८, १/२ अशा इंची मापांत मिळते. आमची दोरी ५ मिलिमीटरची, म्हणून मी ३/१६ची जोडी मागवली. पॉपलीनच्या पायपिंगला ती छान बसली. पण केसमेंट या जाड सुती कापडाची पट्टी गुंडाळली की खोबणीत दोरी मावेना, फूट तिच्यावर चढायचा आणि शिवण दोरीपासून लांब पडायची. महिनाभर मी दोऱ्याचं टेन्शन आणि फूटचा दाब यांच्याशीच खेळत राहिले. उलगडा साधा होता. माप नुसत्या दोरीचं धरायचं नाही, कापड गुंडाळलेल्या दोरीचं धरायचं. दोन्हीकडून कापडाची जाडी मिळवली की ५ची दोरी जवळजवळ ७ मिलिमीटर होते आणि तिला १/४चा फूट लागतो. आता नवीन कापड आलं की आधी वीतभर पायपिंग हाताने गुंडाळून खोबणीत बसवून पाहते. खोबण सैल असली तर दोरी आत डुलते आणि शिवण नागमोडी येते, घट्ट असली तर चढते. हे एवढं जुळलं की बाकीचं काम मशीन करतं, आणि हे जुळलं नाही तर कितीही महागाचं मशीन उपयोगाचं नाही.

फूट घेताना आणखी एक सांभाळा. मी एक जोडी ऑनलाइन, स्वस्तातली घेतली. आतल्या फूटचं भोक केसभर बाजूला होतं, तिसऱ्या मिनिटाला सुई तुटली आणि तुकडा प्लेटखाली गेला. आता जोडी बसवली की आधी हाताने चाक फिरवून पाच-सहा टाके पाहते आणि मगच पायटा दाबते.

शिवणीबद्दल. पायपिंग दोनदा शिवलं जातं, एकदा दोरी पट्टीत बंद करताना आणि एकदा ते कव्हराला जोडताना. पहिली शिवण दोरीला अगदी खेटून घालायची नाही. आम्ही ती ५ मिलिमीटरच्या लांब टाक्याने, किंचित सैल घालतो. दुसरी ३.५च्या टाक्याने, दोरीला घट्ट बिलगून. असं केलं तरच पहिली शिवण आत लपते. जुन्या मशीनवर दोन्ही शिवणी एकाच रेषेत पडायच्या आणि सुलट बाजूने मधूनच पहिल्या शिवणीचा दोरा डोकवायचा. गिऱ्हाईक काही म्हणायचं नाही, पण मला तो दिसायचा आणि खुपायचा.

पट्टी मात्र उरेबच (तिरपी कापलेली) हवी. सरळ कापलेली पट्टी सरळ कडेवर चालून जाते, पण कोपऱ्यावर तिला सुरकुत्या पडतातच. रुंदीचा आमचा हिशेब असा: ५ मिलिमीटर दोरीचा घेर साधारण १६, त्यात दोन्हीकडची १२-१२ची माया, मिळून ४० मिलिमीटर. मीटरभर चौरस कापडातून हिशेबाने २५ मीटर पट्टी निघते. १६ इंची कुशनला चार बाजूंचे ६४ इंच आणि सांध्याचे चार, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आत पायपिंग लागतं. टोकं आणि सांधे वजा जाता एका मीटरात १३ कुशनं आरामात होतात. चादरीच्याच कापडाची पट्टी आम्ही एकदा करून पाहिली. जॅकार्डचे मागचे सुटे धागे उरेब कापल्यावर भराभर निघतात आणि सांध्यावर गाठोडं होतं. तेव्हापासून कव्हराचं अंग चादरीचं आणि पायपिंग साध्या सुती कापडाचं, गडद रंगात. दिसायलाही ते जास्त उठून दिसतं.

कोपऱ्यासाठी या मशीनची जी गोष्ट मला सर्वांत आवडते ती म्हणजे सुई खाली ठेवून थांबण्याची सोय. सर्वो मोटरला तसं सांगून ठेवता येतं. कोपऱ्याच्या अलीकडे पायपिंगच्या मायेला तीन काप द्यायचे, सुई कापडात असतानाच गुडघ्याने फूट उचलायचा, कापड थोडं वळवायचं, दोन टाके, पुन्हा थोडं. गुडघ्याने फूट १६ मिलिमीटर वर जातो, त्यामुळे जाड कोपराही खालून सहज फिरतो आणि दोन्ही हात कापडावरच राहतात. कोपरा काटकोनात कापू नका, किंचित गोलाई द्या. काटकोनी कोपरे कुशन भरल्यावर कानांसारखे बाहेर येतात.

आणि लोडाची तोंडं! लोडाच्या दोन्ही टोकांना जी गोल चकती बसते, तिच्याभोवतीचं पायपिंग हे आमच्या कामातलं सगळ्यांत अवघड शिवणकाम. पूर्वी ते फक्त थोरल्या मावशी करायच्या, आणि हंगामात त्यांच्या मानेला आणि मनगटाला त्रास व्हायचा. आता मायेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर काप दिले की धाकट्या मावशीही ते बिनघोर शिवतात. माघ-फाल्गुनाच्या लग्नांसाठी लोड-तक्क्यांचे जे सेट दिले त्यातला एकही चकतीच्या चुणीसाठी उसवावा लागला नाही. माझ्यासाठी या मशीनची किंमत तिथेच वसूल झाली.

आता ज्यांचा त्रास झाला त्या गोष्टी.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मशीनने अचानक टाका धरणं सोडलं. सुई वरखाली होत होती, खालचं दोरा पकडणारं हुक हलत नव्हतं. गावातल्या मेकॅनिकने सगळं खोललं, सुई आणि हुकाचं टायमिंग पुन्हा लावलं, दोन दिवस गेले, तरी तेच. शेवटी दुसऱ्या गावच्या चामड्याच्या बॅगा शिवणाऱ्या एका कारागिराने फोनवर सांगितलं की यात सेफ्टी क्लच असतो. हुकात दोरा अडकला की मशीन मोडू नये म्हणून तो आपोआप सुटतो. अडकलेला दोरा काढायचा, पाटावरचं बटण दाबून धरायचं आणि टक्क आवाज येईपर्यंत चाक उलटं फिरवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. मेकॅनिकला दोष देत नाही, युनिफॉर्मच्या मशीनमध्ये हा भागच नसतो. पण त्या दोन दिवसांत आम्ही तिघी रात्री साडेबारापर्यंत जुन्या मशीनवर बसलो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. तुमच्या मशीनला क्लच आहे का, बटण कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विक्रेत्याकडून दाखवून घ्या.

दुसरा फटका दोरीचा. सुती दोरी न भिजवता वापरली. एका घरी सहा कुशनं दिली होती, पहिल्या धुण्यात दोरी आटली आणि सगळं पायपिंग गोळा झालं. सहाही कव्हरं नवीन करून दिली. तेव्हापासून दोरीची लडी रात्रभर गरम पाण्यात आणि मग दोन दिवस उन्हात. सोलापूरच्या उन्हाळ्यात एकच दिवस पुरतो. लाल आणि मरून पायपिंगचं कापडही असंच आधी पाण्यातून काढते, नाहीतर फिक्या अंगावर रंग उतरतो.

तेल मशीनला रोज लागतं आणि ते कापडावर येऊ शकतं. रविवारची सुट्टी झाल्यावर सोमवारी सकाळी पहिली दोन मिनिटं चिंधीवर शिवते. सोबतचा दिवा फारच मिणमिणता, गडद पायपिंग गडद कापडावर लावताना मी वेगळा दिवा लावते. मशीनचं डोकं इतकं जड की दोघांशिवाय हलत नाही, म्हणून जागा आधी ठरवा.

मखमलीवर या मशीनने मला पूर्ण समाधान दिलेलं नाही. सरकण्याचा त्रास खूप कमी झाला, पण दाब थोडा जास्त झाला तरी लव दबून फूटचा माग उमटतो. दाब कमी करून आणि वेग अगदी मंद ठेवून चालवते. पातळ सुती कापडासाठी तर हे घेऊच नका. पातळ कापड त्याच्या दातांखाली गोळा होतं, त्यासाठी जुनं सिंगल निडल शेजारीच ठेवलं आहे. सुईही दोघांची वेगळी, याला डीपीx१७ लागते, साध्या मशीनची डीबीx१ चालत नाही. चादरीच्या कापडाला आम्ही १८ नंबर वापरतो, २२ची भोकं दिसतात.

पट्टी आपोआप गुंडाळणारा फोल्डरही घेतला होता. पॉपलीनवर तो भराभर चालतो, पण पट्टीचा सांधा आला की अडकतो आणि तिथे दोरी उघडी पडते. हाताने गुंडाळणंच आम्हाला बरं वाटलं. पट्टी कापणं, तिरपे सांधे देणं, शेवटी दोन टोकं जुळवताना दोन इंच शिवण उसवून दोरी बरोबर टोकाला टोक कापणं, हे सगळं आजही हातानेच होतं, आणि अर्ध्याहून जास्त वेळ तिथेच जातो. तरीही पायपिंगचं एक १६ इंची कव्हर पूर्वी पंचवीस मिनिटं घ्यायचं, ते आता बारा-तेरा मिनिटांत होतं. सोफ्याच्या २२ इंची चौकोनी गादीला वर-खाली मिळून साडेचार मीटर पायपिंग लागतं. तिथे फरक याहून मोठा पडतो.

महिन्याला पन्नासेक कव्हरं शिवणाऱ्या घरगुती कामाला मी हे मशीन सुचवणार नाही. साध्या मशीनला चांगला पायपिंग फूट आणि आटवलेली दोरी एवढ्यावर तेवढं काम नीट होईल. लोड, सोफा, जाड चादरीचं कापड रोजचं असेल तर घ्या, आणि पैसे ठरवताना फूटांच्या निदान दोन जोड्या, सुया आणि विजेचा स्टॅबिलायझर त्यात धरा. दर्जीकाम करणाऱ्यांना पीएम विश्वकर्मा योजनेत पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंतचं कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं, त्याचीही चौकशी करून ठेवा.

माझ्याकडे आता ३/१६ आणि १/४ या दोन जोड्या आहेत. गणपतीच्या आधी ३/८ची मागवणार आहे. मोठ्या बैठकीच्या तक्क्यांना जाड दोरीचं पायपिंग करून पाहायचं मावशींच्या फार दिवस मनात आहे.