मुंबईत मुक्काम की गोव्यातून पडदा : निर्णयाच्या उंबरठ्यावरील नटासाठी तुलनात्मक आढावा

कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत अभिनयाचे पारितोषिक मिळाले की गोव्यातील तरुण नटाला आणि त्याच्याहून अधिक त्याच्या मित्रमंडळींना एकच प्रश्न सुचतो : आता मुंबईला केव्हा जाणार? या प्रश्नासमोर दोन वाटा असतात. नोकरी सोडून मुंबईत बिऱ्हाड करायचे आणि मालिका, चित्रपट, वेबमालिका यांत पूर्णवेळ काम शोधायचे, ही पहिली. गोव्यात राहून नाटक चालू ठेवायचे आणि पडद्याचे काम इथूनच जमेल तेवढे मिळवायचे, ही दुसरी. दोन्हीकडे गुण लागतात हे गृहीत धरूनच पुढे जाऊ, कारण पडद्यावरची कारकीर्द गुणांच्या अभावी जितकी तुटते त्याहून अधिक वेळा ती दोन कामांमधल्या रिकाम्या महिन्यांत तुटते. म्हणून या वाटांची तुलना करताना हा मधला काळ कुठे आणि कशाच्या आधारावर निघेल, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मुंबईच्या वाटेवर बहुतेकांना पहिले काम दैनंदिन मालिकेत मिळते. मालिकेतील मानधन दिवसावर ठरते. महिन्यात किती दिवस बोलावणे येईल हे मात्र कथेवर आणि कथा दर आठवड्याच्या टीआरपीवर अवलंबून असते. पात्राचा ट्रॅक, म्हणजे मालिकेतला कथाधागा, बंद झाला की नटाचे उत्पन्न त्याच आठवड्यात थांबते, मग त्याने काम कितीही चोख केलेले असो. केलेल्या कामाचे पैसे हाती पडायला साधारण 90 दिवस लागण्याची पद्धत या क्षेत्रात रुळलेली आहे. म्हणजे पहिली भूमिका मिळाल्यानंतरही पहिले तीन महिने घरभाडे, अनामत रक्कम, प्रवास आणि जेवण हे सारे साठवणीतूनच भागवावे लागते, आणि भूमिका मिळण्यापूर्वीचे महिने त्यात आणखी मिळवायचे असतात. घरून आधार असलेला मध्यम गुणांचा नट या काळात टिकतो आणि त्याच्याहून सरस नट गावी परततो, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

गोव्यात राहणाऱ्याची अडचण वेगळी आहे. ऑडिशनची पहिली फेरी आता मोबाइलवर चित्रित करून पाठवता येते, त्यामुळे मुंबईत नसणे पूर्वीइतके घातक राहिलेले नाही. परंतु लूक टेस्ट (वेशभूषा-रंगभूषेसह घेतली जाणारी चाचणी), वाहिनीची मंजुरी आणि विशेषतः कोणी ऐनवेळी गळाल्यामुळे सुटलेली भूमिका या गोष्टी जवळ असणाऱ्यालाच मिळतात. रात्री मडगावहून कोकणकन्या पकडून सकाळी मुंबई गाठता येते, आणि जून 2023 पासून धावणारी वंदे भारत पावसाळा वगळता हे अंतर आठ तासांच्या आत पार करते. मात्र दुपारी फोन करून ‘संध्याकाळपर्यंत येता का’ असे विचारणाऱ्याला यांपैकी कोणतीही गाडी उपयोगाची नाही. छोट्या भूमिका बहुधा अशाच फोनवर वाटल्या जातात, आणि ओळख वाढते ती त्या छोट्या भूमिकांतून.

तरीही मुंबईत राहिल्याने प्रश्न सुटतोच असे नाही, कारण पहिल्या भूमिकेपेक्षा दुसरी मिळवणे अवघड असते. खलनायकी सासरा गाजला की पुढची तीन बोलावणी सासऱ्याचीच येतात. ती नाकारली तर घरी बसावे लागते आणि स्वीकारली तर प्रेक्षक व निर्माता दोघेही कंटाळतात. गोव्याच्या नटाबाबत यात उच्चारांची भर पडते. कोकणी वळणाची मराठी ऐकली की त्याला मालवणी गडी किंवा विनोदी शेजारी देऊन मोकळे होण्याची सवय आहे, आणि ती मोडायची तर प्रमाण उच्चारांवर वेगळी मेहनत करावी लागते. स्त्रियांच्या बाबतीत वयाचा फास अधिक लवकर आवळतो. नीना गुप्ता यांच्यासारख्या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त अभिनेत्रीने 2017 साली, आपण मुंबईत राहतो आणि चांगल्या भूमिकांच्या शोधात आहोत, असे समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिले होते. त्यानंतर त्यांना मोठ्या भूमिका मिळाल्या ही आनंदाची गोष्ट आहे, पण तसे लिहावे लागले हेही ध्यानात ठेवावे.

गोव्याच्या वाटेवर मधला काळ रिकामा राहत नाही, हे तिचे खरे बळ आहे. जत्रा आणि देवस्थानचे उत्सव यांत गावोगावी नाटके होतात. पणजीत कला अकादमी, फोंड्यात राजीव गांधी कलामंदिर, मडगाव आणि साखळी येथे रवींद्र भवन अशी सुसज्ज नाट्यगृहे आहेत. शिवाय नट बहुधा सरकारी कचेरीत, बँकेत किंवा शाळेत नोकरी करून संध्याकाळी तालमीला जातो, त्यामुळे भूमिका मिळाली नाही म्हणून चूल थांबत नाही. मात्र या रंगभूमीचा पाया हौशी आहे. वर्षाकाठी होणारी स्पर्धा, तिची पारितोषिके आणि मर्यादित प्रयोग यांतून मान मिळतो, चरितार्थ चालत नाही. तिकिटावर पोट भरू शकणारी इथली रंगभूमी म्हणजे कोकणी तियात्र. 1892 साली मुंबईतच जन्मलेल्या या प्रकाराने गोव्यात व्यावसायिक प्रेक्षक टिकवला, पण त्याची भाषा, गायकी आणि बाज मराठी नटाला आयत्या वेळी आत्मसात होणारा नाही.

मग पडदा गोव्यातच येईल का? 2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो, पण महोत्सवात चित्रपट दाखवले जातात, म्हणजे तिथे नटांना भूमिका मिळतात असे नव्हे. एप्रिल 2021 मध्ये कोविडमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद पडल्यावर अनेक मालिकांची युनिटे गोव्यात उतरली आणि इथल्या कलावंतांच्या आशा पालवल्या. मे महिन्यात साथ वाढताच परवानग्या रद्द झाल्या आणि युनिटे निघून गेली. शेजारच्या सिंधुदुर्गात 2016 नंतर एका लोकप्रिय मालिकेमुळे स्थानिक नटांना खरोखर काम मिळाले, कारण तिथे कथाच त्या मातीतली होती. गोव्याला चित्रीकरणस्थळ म्हणून मिळणारी पसंती आणि गोव्याच्या नटाला मिळणारे काम यांत अजून तरी फारसा संबंध जुळलेला नाही, असे माझे मत आहे.

अभिनयाच्या अंगाने पाहता दोन्ही वाटांवर काही शिकावे आणि काही विसरावे लागते. देवळासमोरच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवणारा आवाज क्लोजअपमध्ये ओरडल्यासारखा वाटतो. महिनाभर तालीम करून भूमिका मुरवणाऱ्याला सकाळी हाती आलेली पाने दुपारी, तीही शेवटचा प्रसंग आधी अशा क्रमाने, सादर करावी लागतात. हे गोव्यात बसूनही कॅमेऱ्यासमोर सराव करून शिकता येते, त्यासाठी मुंबईचे भाडे भरण्याची गरज नाही.

डॉ. श्रीराम लागू शस्त्रक्रियेचा व्यवसाय सोडून 1969 साली, वयाच्या बेचाळिशीत, पूर्णवेळ नट झाले. तोपर्यंतची त्यांची वर्षे नाटकातच घडत होती. गोव्याच्या वर्षा उसगांवकर 1980 च्या दशकाच्या अखेरीस मराठी चित्रपटाची नायिका झाल्या आणि 2020 नंतर दैनंदिन मालिकेतही दिसल्या. त्या माध्यम बदलत राहिल्या. या दोघांच्या गुणांची नक्कल करता येत नाही, पण एक घडल्यावर निघाला आणि दुसरी एकाच माध्यमाला बांधून राहिली नाही, एवढे घेण्यासारखे आहे.

माझा कौल असा : दीड वर्षाचा खर्च हाताशी असेल, घरची जबाबदारी कोणी वाटून घेत असेल आणि किमान एक भूमिका आधीच मिळालेली असेल, तर मुंबईला जावे, केवळ स्पर्धेतील पारितोषिकाच्या बळावर जाऊ नये. यांपैकी एक गोष्ट जरी नसेल, तर गोव्यात राहून मोबाइलवरील ऑडिशन, कोकणी व मराठी चित्रपटांतील कामे आणि प्रमाण उच्चारांची तयारी यांवर दोन वर्षे घालवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. सरकारी नोकरीत असलेल्यांनी मानधनाचे चित्रीकरण स्वीकारण्यापूर्वी खात्याची लेखी परवानगी घ्यावी. पोर्टफोलिओ किंवा नोंदणीच्या नावाखाली आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी, कारण खरी निवड करणारा नटाकडून पैसे घेत नाही. आणि मालिकेच्या करारावर सही करताना महिन्याला किमान किती दिवसांचे काम देण्याचे वचन आहे, दुसरीकडे काम करण्यास बंदी आहे का, आणि ट्रॅक बंद होण्यापूर्वी किती दिवसांची सूचना मिळेल, ही तीन कलमे वकिलाकडून वाचून घ्यावीत.