ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी, नाशिकहून दिवसभराच्या सहली: काही महिन्यांनंतरचा अनुभव

बिलात 28 किलोमीटर जास्त लावलेत, आणि त्या 28 किलोमीटरमध्ये आम्ही गाडीत बसलेलोच नव्हतो. एजंटचं गॅरेज आडगावला, आमचं घर गंगापूर रोडला. सकाळी गाडी तिथून निघून आमच्याकडे आली ते 14 आणि रात्री आम्हाला सोडून परत गेली ते 14. याला म्हणे ‘गॅरेज टू गॅरेज’ म्हणतात. म्हणत असतील. पण हाच एजंट पावसाळ्यानंतर आम्ही गाडी घ्यायला लागलो तेव्हा घरापासून घरापर्यंत मोजत होता. मध्येच नियम बदलला आणि सांगितलं बिल देताना. 13 रुपयांप्रमाणे 364 रुपये होतात. रक्कम मोठी नाही, मान्य. तरी मी ते अजून दिलेले नाहीत आणि आमच्या घरात माझ्याशिवाय कुणालाही हा विषय महत्त्वाचा वाटत नाही.

थोडी पार्श्वभूमी. रात्री समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर यायला लागले म्हणून आम्ही आमची गाडी विकून टाकली. हिचे गुडघे एसटीच्या पायऱ्यांना तयार नाहीत. पाहुणे मात्र थांबत नाहीत, आणि नाशिकला आलेल्या पाहुण्याला काळाराम, पंचवटी, त्र्यंबक झालं की तिसऱ्या दिवशी वेरूळ आठवतं. म्हणून सेडान, ड्रायव्हरसकट. दर सगळ्यांना माहीत आहेत तेच: बाहेरगावी किमान 300 किलोमीटर, किलोमीटरला 13, ड्रायव्हर भत्ता 300, टोल-पार्किंग आपलं, रात्री दहानंतर भत्ता वाढतो.

आता चांगली बाजू सांगतो, नाहीतर नुसती रड वाटेल. वेरूळच्या एका सहलीचं बुकिंग एजंटने बिनदिक्कत मंगळवारचं घेतलं होतं. ॲडव्हान्ससुद्धा घेतला. आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन. “काका, उद्या मंगळवार ना? वेरूळ मंगळवारी बंद असतं. बुधवार करा, मी ऑफिसला सांगतो.” अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, हे ज्याचा धंदाच पर्यटकांना गाडी देण्याचा आहे त्याला माहीत नाही, आणि महिन्याच्या पगारावर गाडी चालवणाऱ्याला माहीत आहे. त्या दिवसापासून मी बुकिंग करताना गाडी कुठली ते विचारत नाही, ड्रायव्हर कोण ते विचारतो. हा मोकळा नसेल तर तारीख बदलतो.

याच्या बाबतीत आणखी एक. लेण्यांच्या बाहेर उतरवताना तो किती वाजता परत या असं विचारत नाही. “निवांत बघा, मी पार्किंगलाच आहे” म्हणतो आणि खरंच तिथेच असतो. आधी एकदा दुसरा ड्रायव्हर आला होता. त्याने दर अर्ध्या तासाला फोन करून कैलास लेणं बघायचं सुख घालवलं होतं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली फोडत नेलेलं अख्खं देऊळ आहे ते. खालच्या हत्तींच्या रांगेसमोर उभं राहिलं की आधी तुटलेल्या सोंडाच दिसतात, मग हळूहळू कळतं की हे हत्ती देवळाचा भार पाठीवर घेऊन उभे आहेत. हे कळायला वेळ लागतो. खिशात फोन वाजत असेल तर कळत नाही.

वेरूळला 34 लेणी आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. नाशिकहून एका दिवसात सगळी होत नाहीत, कुणी काहीही सांगो. आम्ही 10 नंबरचं सुतार लेणं, 16 नंबरचं कैलास आणि 32 नंबरची इंद्रसभा एवढंच धरतो आणि परतताना दौलताबाद. जैन लेणी पार एका टोकाला आहेत आणि पाहुणे तोवर थकलेले असतात, पण इंद्रसभा सोडू नका. दौलताबादला ही चांदमिनारपाशी सावलीत बसते. मी मेंढा तोफेपर्यंत जातो. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरायचं तर तिथल्या माणसाला बॅटरी घेऊन बरोबर घ्या, नुसता मोबाईलचा उजेड पुरत नाही. वटवाघळांचा वास कपड्यांना लागतो आणि मग गाडीत एसीमुळे तो सगळ्यांना मिळतो. ड्रायव्हरने काच खाली केली, बोलला काही नाही.

रस्त्याबद्दल. पहिल्यांदा येवला-वैजापूर मार्गे गेलो, मागच्या आठवड्यात समृद्धी महामार्गाने. समृद्धीबद्दल माझं मत वाईट होतं आणि जाताना ते आणखी वाईट झालं. कारण गाडीला 80 चा गव्हर्नर, म्हणजे त्याच्या वर वेग जाऊच न देणारं यंत्र. रस्ता 120 चा, आणि आपण डावीकडच्या लेनमध्ये ट्रकच्या मागे. 80 ला काटा टेकला की गाडी ‘टिंग’ करते. सिन्नरपासून माळीवाड्यापर्यंत ते टिंग ऐकलं. टोल गेलेल्या अंतराप्रमाणे बाहेर पडताना कापला जातो, तो काही 80 वाल्याला कमी लागत नाही. हे मी ड्रायव्हरला मोठ्याने बोलून दाखवलं. पण परत येताना अंधार पडला होता, मागच्या सीटवर तिघंही झोपली होती, आणि वैजापूरच्या रस्त्यावर उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉल्यांच्या मागे जीव मुठीत धरून बसलेली मागची खेप मला आठवली. आता मी असं सांगतो: जाताना येवल्याने जा, उजेडात, येवल्यात चहा घ्या. येताना समृद्धी. टिंगसकट.

त्या दिवशीचं रीडिंग घरापासून घरापर्यंत 386. बिलात 414.

जवळच्या सहलींचं गणित निराळं आहे. सिन्नरचं गोंदेश्वर आमच्याकडून जाऊन येऊन 76 किलोमीटर. आउटस्टेशनच्या नियमाने 300 चे पैसे भरा, म्हणजे 3900 आणि वर भत्ता. मला ही सरळ लूट वाटत होती आणि मी ते तोंडावर म्हटलंही. मग हिशेब वसूल करायला एकाच दिवसात सिन्नर, येवला, चांदवडचा अहिल्याबाईंचा रंगमहाल असं सगळं कोंबलं. 300 च्या आसपास पोचलो खरे, पण रंगमहालापाशी गाडीतून उतरायला कुणी तयार नव्हतं. परत येताना ड्रायव्हर म्हणाला, “काका, तुम्ही दुपारी चारला घरी आलात तरी गाडीचा तो दिवस गेलाच ना. नंतर भाडं कोण देणार? हप्ता, इन्शुरन्स, परमिट, हे काय किलोमीटर बघून लागतं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. किमान 300 बद्दलची माझी तक्रार मी मागे घेतो. वर त्यानेच सांगितलं की सिन्नर लोकल पॅकेजमध्ये बसतं, 8 तास 80 किलोमीटर, 1900 रुपये. एजंटने हे कधी सांगितलं नव्हतं.

त्या पॅकेजमध्ये केलेली गोंदेश्वरची सकाळ ही या सगळ्या महिन्यांतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली सहल. मधलं शंकराचं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांना विष्णू, सूर्य, गणपती, पार्वती यांची लहान देवळं, यादवांच्या काळातलं पूर्ण पंचायतन. आवारात गर्दी नाही, तिकीट नाही. देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, जायच्या आधी यादवांची राजधानी सिन्नरला होती. म्हणजे वेरूळच्या दिवशी सिन्नरला तासभर थांबून पुढे दौलताबाद केलं तर एका घराण्याची जुनी राजधानी आणि नवी राजधानी ओळीने होतात, आणि त्या दिवशी जातानाही समृद्धीच धरली तर तो रस्ता तिथूनच असल्याने वाकडी वाट फारशी नाही. पाहुण्यांना हे सांगितलं की ते जरा सरसावून बसतात.

आणि आता बघा, गॅरेजच्या नव्या नियमाने काय होतं. 76 मध्ये 28 मिळवा, 104. म्हणजे 80 वरचे 24 किलोमीटर जादा, 312 रुपये. वेरूळला 28 म्हणजे चिल्लर वाटते, 300 च्या आतल्या आउटस्टेशनला ते किमानात गडप होतात आणि दिसतच नाहीत, पण 80 च्या पॅकेजमध्ये तुमचे एक तृतीयांशाहून जास्त किलोमीटर रिकाम्या गाडीने खाल्ले. तेसुद्धा द्वारकेच्या चौकात उभं राहून, कारण वेळही गॅरेजपासूनच मोजायची म्हणतात. द्वारकेला सकाळी किती वेळ जातो हे नाशिककराला सांगायला नको.

यावर एजंट म्हणतो, “काका, सगळे असंच घेतात.” घेत असतील, माझं एवढंच म्हणणं आहे की आधी लिहून द्या. लिहून द्यायची पद्धत नाही म्हणतात. आता हे नाशिकमध्ये म्हणायचं म्हणजे कमाल आहे. पांडवलेण्यांत 10 नंबरच्या लेण्यात जा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवले, त्याचा लेख आहे. विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2000, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्या श्रेणीकडे 1000, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल परत करायची नाही, फक्त व्याज वापरायचं, आणि त्यातून 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण कपड्यासाठी. हे सगळं निगमसभेत, म्हणजे गावच्या व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, हेही त्यातच कोरलंय. पावणेदोन-दोन हजार वर्षांपूर्वी पाऊण टक्का दगडात कोरून ठेवणाऱ्या गावात मला ‘किलोमीटर कुठून मोजणार’ एवढी एक ओळ व्हॉट्सॲपवर मिळत नाही. पाहुण्यांना मी हा लेख आवर्जून दाखवतो. ही म्हणते, तुम्हाला लेणं दाखवायचं नसतं, एजंटची तक्रार सांगायची असते.

बाकी गोष्टी झटपट. गाडी सीएनजीची येते. डिकीत टाकी, त्यामुळे दोन बॅगांच्या वर सामान असेल तर आधी बोला. गॅस आदल्या रात्री भरून आणायला सांगा, नाहीतर सकाळी तुमच्या वेळेतून पंपावर रांग, आणि गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनाही. नंबरप्लेट पिवळी आहे ना ते बघून घ्या. पांढऱ्या प्लेटवर भाडं मारणारे स्वस्त पडतात, पण खासगी गाडीवर भाडं हा परमिटच्या नियमाचा भंग आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. जेवायला ड्रायव्हर नेतो ते हॉटेल महाग असतं, असं सगळे सांगतात. आमचा तरी आम्ही म्हणू तिथे थांबतो. त्याचं जेवण आम्ही देतो, भत्ता घेतलेला असला तरी. पहिल्यांदा तो वेगळ्या टेबलावर बसला होता, आता आमच्यातच बसतो आणि हिला भाकरी कुठली चांगली ते सांगतो.

ओडोमीटरचा फोटो निघताना आणि पोचल्यावर, असा माझा शिरस्ता आहे. पहाटे काचेवर उजेड येऊन आकडे पुसट येतात, तेव्हा गाडीतला दिवा बंद करून काढा. ट्रिपमीटरवर विसंबू नका, तो एका बटणाने शून्य होतो. सुरुवातीला ड्रायव्हरला माझ्या फोटोंचा राग यायचा. मागच्या खेपेला दारात गाडी लावून त्यानेच हाक मारली, “काका, फोटो घ्या आधी.” त्या फोटोमुळेच 386 आणि 414 मधला फरक मला पुराव्यानिशी दाखवता आला, आणि एजंटला फोटो बघून राग आला, जो ड्रायव्हरला यायचा थांबला होता.

तर घ्यावी का? चौघं असाल आणि सिन्नर, भगूर, पांडवलेणी असं अर्ध्या-पाऊण दिवसाचं असेल तर लोकल पॅकेज घ्या, गॅरेज जवळचं बघून घ्या. आपल्या भागातला एजंट 100 रुपये महाग असला तरी परवडतो, आणि मी आता सातपूरच्या एकाशी बोलणी करतोय. वेरूळ-दौलताबादला दोघंच असाल तर ही गाडी महाग आहे. चौघांत साधारण दीड हजार माणशी पडतात, टोल धरून.

पाहुण्यांपैकी कुणीतरी अजिंठ्याचं काढतंच. नाशिकहून एका दिवसात गाडीने अजिंठा करायला मी कुणालाच सांगणार नाही. एजंट आनंदाने बुकिंग घेईल, 500 च्या वर किलोमीटर होतात ना. पण जायला-यायला दिवस संपतो, शिवाय गाडी लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरकडच्या फाट्याला ठेवून पुढे तिथल्या बसने जावं लागतं. नाशिकरोडहून रेल्वेने जळगाव गाठा, रात्री तिथे राहा, आणि सकाळी तिथून गाडी करा. सोमवार सोडून.