ॲम्बॅसेडर, इसुझू इंजिन आणि कुर्ल्याचा हेडर

बाबांच्या ॲम्बॅसेडरमध्ये जुन्या १४८९ सीसीच्या जागी १८१७ सीसीचं इसुझू इंजिन बसवलं, तेच जे कॉन्टेसा गाडीतही यायचं. आरसी बुकात इंजिनबदलाची नोंद आधी केली. मग प्रश्न आला हेडरचा, म्हणजे इंजिनाच्या चार सिलिंडरमधला धूर एकत्र आणून बाहेर नेणाऱ्या पाइपांचा.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो बनवून घेतला आणि मी बेहद्द खूश आहे. वर्कशॉपच्या चाचांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाडी कुठे चालवणार?" दादर ते ठाणे, म्हटलं. त्यावर त्यांनी चार-एक नको, चार-दोन-एक घ्या असं सांगितलं. चारही पाइप एकदम एकत्र आणले की फायदा मुख्यतः वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना, मिळतो. जोडीजोडीने आणले की खालच्या-मधल्या आरपीएमचा टॉर्क, म्हणजे गाडीची ओढ, सुधारतो, आणि सायनच्या ट्रॅफिकमध्ये तोच हवा असतो. जाड पाइपचा माझा हट्टही त्यांनी मोडून काढला: पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की वायूचा वेग पडतो.

माप मात्र इंजिन रबर माउंटिंगवर बसवूनच घेतलं. रेस दिल्यावर इंजिन कलतं, तेवढी जागा चेसिसपाशी हवीच. हेडर इंजिनाला जोडणारी पट्टी, म्हणजे फ्लँज, जाड आहे, त्यामुळे वेल्डिंगच्या उष्णतेने वाकला नाही. पाइप ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचे घेतले. मुंबईच्या पावसाळ्यात माइल्ड स्टील लवकर गंजतं. पाइपांवर हीट रॅप (उष्णतारोधक पट्टी) गुंडाळला नाही, त्यात ओल धरून राहते.

हेडरच्या जागी मुळात येणाऱ्या बिडाच्या मॅनिफोल्डपेक्षा आवाज थोडा वाढलाय. बाबांना तो आवडतो.