पाणी देण्याआधी पोलादाची चौकशी करणारी भट्टी: हिंगणा एमआयडीसीतील एका हीट ट्रीटमेंट सेवेचा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझे लहानसे मशीनिंग वर्कशॉप आहे. टिपर आणि ट्रॅक्टर ट्रॉलीला लागणाऱ्या 40 मिलिमीटर व्यासाच्या, ईएन 8 या मध्यम कार्बनच्या साध्या पोलादाच्या पिना आणि जिनिंग मशीनसाठी ईएन 19 या क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रधातू पोलादाचे शाफ्ट आम्ही तयार करतो व कठीण करून घेण्यासाठी, म्हणजे तापवून पाण्यात किंवा तेलात झटकन थंड करून घेण्यासाठी, बाहेर देतो. गेली दोन वर्षे हे काम आमच्याच वसाहतीतील एका हीट ट्रीटमेंट केंद्राकडे आहे. ही सेवा मला मनापासून आवडली आहे, आणि तिचे खरे कारण भट्टीत नसून भट्टी पेटण्याआधी तिथे जे घडते त्यात आहे.

आधीचा अनुभव सांगितल्याशिवाय ते कळणार नाही. पूर्वी ज्यांच्याकडे काम देत होतो तिथून 60 पिनांची एक खेप परत आली आणि त्यांपैकी 11 पिनांना लांबीच्या दिशेने केसासारख्या भेगा होत्या. भट्टीवाल्यांनी पोलादाला दोष दिला, पोलाद देणाऱ्याने भट्टीला. शेवटी मी एका पिनेची रासायनिक तपासणी करून घेतली. कार्बन ईएन 8च्या मर्यादेत, म्हणजे 0.35 ते 0.45 टक्क्यांच्या आतच होता, पण पोलादासोबत आलेल्या मिलच्या प्रमाणपत्रात नोंदही नसलेले क्रोमियम 0.2 टक्क्यांच्या वर निघाले आणि सोबत निकेल व मॉलिब्डेनमचा थोडा अंश होता. भंगार वितळवून केलेल्या पोलादात असे पाहुणे येतात. जुने गिअर, शाफ्ट, स्प्रिंगचे पाटे असे मिश्रधातूचे तुकडे साध्या भंगारात मिसळले, की त्यांतील निकेल, मॉलिब्डेनम आणि बहुतेक वेळा काही क्रोमियमही नव्या पोलादात उतरते.

हे घटक थोडेसेच असले तरी पोलाद किती खोलवर कठीण होईल, हे बदलते. साधारण 850 अंश सेल्सिअसला पोलादातील सगळा कार्बन ऑस्टेनाइट नावाच्या रचनेत विरघळलेला असतो. सावकाश थंड केले तर त्यातून मऊ फेराइट आणि थराथरांचे पर्लाइट तयार होते. झटकन थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला अवधीच मिळत नाही, तो स्फटिकांत अडकतो आणि मार्टेन्साइट तयार होते, जे अतिशय कठीण पण ठिसूळ असते. ही रचना बनताना आकारमान वाढते, त्यामुळे पृष्ठभाग आणि गाभा यांच्यात ओढाताण होते. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असले की मार्टेन्साइट अधिक खोलवर बनते. म्हणजेच शुद्ध ईएन 8ला जे पाणी सोसते, तेच पाणी या पिनांना जड गेले. त्यात भर म्हणजे पाणी दिल्यानंतर पिना टेम्परिंगविना, म्हणजे कमी तापमानाला पुन्हा तापवून ताण व ठिसूळपणा उतरवल्याविना, रात्रभर तशाच पडून होत्या, आणि आतला ताण उतरवायला कोणी नसल्यावर भेग पडायला रात्र पुरेशी असते.

म्हणून नव्या केंद्रात पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या माणसाने विचारले, “साहेब, बारचा हीट नंबर काय? कोणत्या मिलचा माल?” तेव्हा मला हायसे वाटले. हीट नंबर म्हणजे पोलादाच्या त्या वितळीला मिलने दिलेला क्रमांक. प्रमाणपत्र असले तरी ते त्याच बारचा एक तुकडा मागतात, स्पेक्ट्रोमीटरवर त्याची ठिणगी पाडून घटक तपासतात आणि मगच पाणी द्यायचे की तेल हे ठरवतात. माझ्या दुसऱ्या खेपेत क्रोमियम जास्त आढळले, तेव्हा त्यांनी फोन करून सांगितले की हा माल तेलात घेऊ, कठीणपणा किंचित कमी मिळेल पण तडा जाणार नाही. ही सूचना नवखा माणूस खर्च वाचवण्याच्या नादात नाकारील. मी मान्य केली आणि त्या खेपेतील एकही पीन वाया गेली नाही.

भंगारापासूनच्या पोलादाबद्दल अनेकांच्या मनात सरसकट अढी असते, ती मला अन्यायकारक वाटते. जालन्याच्या भट्ट्यांतून भंगार वितळवूनच सळया निघतात आणि त्यांवर आपली घरे उभी आहेत. टीएमटी सळईचा छेद घासून आम्लाने उठवला, तर बाहेरचे काळपट कडे, म्हणजे टेम्पर झालेले मार्टेन्साइट, आणि आतला मऊ गाभा डोळ्यांनी दिसतो. अडचण असते ती तांब्याची. मोटारींच्या वायरिंगसह भंगार वितळले की तांबे पोलादात राहून जाते, कारण लोखंडापेक्षा ते कमी ऑक्सिडीकरण पावते आणि मळीबरोबर निघून जात नाही. घडाईच्या तापमानाला लोखंडाचा वरचा थर जळून खवले होतात, तांबे त्याखाली साचते आणि 1085 अंशांच्या वर वितळून कणांच्या सीमांत शिरते, त्यामुळे घडवतानाच पृष्ठभाग फुटतो. हा दोष पाणी देतानाचा नव्हे, पण घडीव तुकड्यावर अशी बारीक फट आधीच असेल तर पाण्यात ती रुंदावते. म्हणून हे केंद्र घडीव माल भट्टीत घालण्यापूर्वी पृष्ठभागावर रंग सोडून फटी पाहते. तेवढे कोणी करताना मी पाहिले नव्हते.

नागपूरच्या उन्हाळ्याचा प्रश्नही त्यांनी नीट सोडवला आहे. मे महिन्यात दुपारी पाण्याची टाकी आपोआप चाळिशीच्या पुढे जाते, आणि कोमट पाण्यात तापलेल्या पिनेभोवती वाफेचा पडदा जास्त वेळ टिकून मऊ ठिपके राहतात. तिथे टाकीला शीतकरण आहे आणि पाण्याची खेप पहाटेच घेतली जाते. गेल्या मे महिन्यात मी सहाला पोचलो, तेव्हा माझ्याच पिनांची टोपली टाकीत उतरत होती; लालभडक प्रकाश पाण्याखाली क्षणभर दिसला आणि विझला. त्यानंतर चौथ्या तासाच्या आत त्या टेम्परिंगच्या भट्टीत होत्या.

अहवालासोबत तुकड्याचा सूक्ष्मदर्शकातला फोटो मिळतो. पहिल्या फोटोत पांढऱ्या फेराइटचे दोन-तीन डाग होते. त्यांनी स्वतःहून तो भाग दाखवला, भट्टीच्या त्या कोपऱ्यात तापमान पुरेसे टिकले नव्हते असे सांगितले आणि ती खेप विनामूल्य पुन्हा केली.

तक्रारी आहेतच. किमान खेपेचा दर लहान वर्कशॉपला जड जातो. 20 पिनांसाठीही पूर्ण रक्कम द्यावी लागते. अहवाल कधी दोन दिवसांत, कधी आठवड्यानंतर येतो. ईएन 19च्या शाफ्टवर एकदा कार्बन जळून गेल्याने मऊ साल आले होते, आणि आम्ही मशीनिंगसाठी अर्धा मिलिमीटर जास्त ठेवले होते म्हणूनच ते निभावले. मशीनिंगसाठी किती जास्त ठेवले आहे ते त्यांना स्पष्ट लिहून द्यावे लागते, ते स्वतः विचारत नाहीत. मोठ्या ग्राहकांचे काम आले की आपली खेप एक दिवस मागे सरकते.

तिथे जाणाऱ्यांनी प्रत्येक खेपेबरोबर त्याच बारचा किमान 50 मिलिमीटरचा तुकडा द्यावा आणि बारच्या टोकावर हीट नंबर ठोकून ठेवावा. मी आता कापतानाच तो ठोकतो.