आठ महिने, दोन वाफे आणि वरची कोरडी माती

तळाशी पाण्याची टाकी असलेले, पेटीसारखे दोन उंच प्लास्टिकचे वाफे मी आठ महिन्यांपूर्वी गच्चीवर आणून ठेवले. पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक केलं असतं, दुसऱ्या महिन्यात ‘अजिबात घेऊ नका’ म्हणून मोकळा झालो असतो. आता दोन्ही ओसरलंय.

वाफा १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद. खाली साधारण ३० लिटरची टाकी, तिच्यावर भोकं पाडलेला खोटा तळ, त्यावर २५ सेंटिमीटर माती. त्या तळाला चार खोल कप आहेत, ते टाकीतल्या पाण्यात बुडलेले असतात. कपांत दाबून भरलेलं मिश्रण म्हणजे दिव्यातली वात. वातीतून तेल चढावं तसं पाणी वर चढतं आणि मुळांपाशी पोचतं. कोपऱ्यात पाणी ओतायची नळी, तिच्यात पातळी दाखवणारा तरंगता दांडा, बाजूला जादा पाणी वाहून जायचं भोक. मोटर नाही, टायमर नाही, त्यामुळे बिघडण्यासारखंही काही नाही.

बिघडवलं ते मी. पहिल्या वेळी सरळ बागेतली चिकट माती भरली. जमिनीवर ती चालते, कारण तिथे पाणी खाली निघून जातं. इथे खालून पाणी सतत हजर, त्यात अशी माती दाबली गेली की हवेला जागाच उरत नाही. वर आणखी माझी जुनी खोड: वरचा थर कोरडा दिसला की हात झारीकडे जायचा. खालून टाकी पाजतेय, वरून मी. पाचव्या आठवड्यात टोमॅटोची खालची पानं पिवळी पडली आणि नळीतून गटारासारखा वास यायला लागला. एक वाफा पूर्ण उपसला, घमेल्याघमेल्याने. तळची माती काळी पडलेली, मुळं बोटांत घेतली तर साल सुटत होती.

मग दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि एक भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) असं मिश्रण केलं. त्यानंतर वाफा खऱ्या अर्थाने चालू झाला. माझ्या मते या वस्तूत निम्मा वाटा प्लास्टिकचा आणि निम्मा तुम्ही काय भरता त्याचा. बरोबर आलेल्या माहितीपत्रकात याबद्दल जेमतेम एक ओळ होती.

वरचे दोन-तीन सेंटिमीटर कोरडेच राहतात आणि तसेच राहू द्यायचे. तण कमी उगवतं, मातीवर घोंगावणारी ती बारीक काळी चिलटंही कमी होतात. शंका आली तर दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसून बघावं. मात्र याच कोरडेपणामुळे बी पेरताना अडचण येते. पालक, कोथिंबीर पेरली तर मुळं खाली उतरेपर्यंत वरून शिंपडावंच लागतं. रोपं तयार करून लावणं सोपं. पहिले काही दिवस वरून पाणी, नंतर नाही.

पिकांत टोमॅटोने सगळ्यात जास्त दिलं. आधी कुंड्यांमध्ये फळांचं बूड काळं पडायचं. पाण्याबरोबर चढणारं कॅल्शियम, पाणी देण्यात खंड पडला की फळापर्यंत पुरेसं पोचत नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. इथे पाणी तुटत नाही आणि या खेपेला अशी फळं दोनच निघाली. पालक आणि मिरचीही खूश. रोझमेरी हे सुवासिक पानांचं झुडूप मात्र मेलं. त्याला दोन पाण्यांमध्ये कोरडं व्हायला हवं असतं, हे माहीत असून लावलं होतं.

अशा वाफ्यांबद्दल ‘आठवडा-आठवडा बघायला नको’ असं म्हणतात, ते रोपं लहान असताना खरं. तेव्हा एक टाकी दहा-बारा दिवस पुरली. त्याच वाफ्यात चार टोमॅटो छातीएवढे झाले आणि ऊन तापलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी दांडा खाली बसायचा. चार लावणं ही हाव होती, दोन पुरेत.

चौथ्या महिन्यात मातीवर पांढरी साय आली. मी बुरशी समजलो, पण ते क्षार होते. पाणी खालून वर येऊन उडून जातं आणि विरघळलेलं सगळं वरच ठेवून जातं. साय खरवडली आणि जादा पाण्याच्या भोकातून बराच वेळ पाणी वाहेपर्यंत वरून धुऊन काढलं. आता दर दोन महिन्यांनी हे करतो. द्रवखत टाकीत ओतायचा प्रयोगही एकदाच केला. आत शेवाळी बुळबुळीत थर धरला. तेव्हापासून खत मातीतच.

नळीच्या तोंडावर आणि भोकावर बारीक जाळी पहिल्याच दिवशी बसवा, नाहीतर डासांची पैदास आपणच करू. ती जाळी अधूनमधून साफही करा. एका सलग पावसात माझ्या एका वाफ्याचं ते भोक मुळांनी आणि गाळाने तुंबलं, वाफ्यात तळं झालं, आणि तीन दिवसांत मिरच्यांनी माना टाकल्या. आणखी एक, वजन. ओलं मिश्रण आणि भरलेली टाकी धरून एक वाफा दोनशे किलोंच्या आसपास जातो. गॅलरीत ठेवणार असाल तर स्लॅबबद्दल जाणकाराला विचारा, आणि जागा आधी ठरवा. भरल्यावर तो हलत नाही.

गेल्या आठवड्यात टोमॅटो उपटले. मुळं खोट्या तळातून टाकीत उतरून पांढऱ्या दाढीसारखी पसरली होती. कात्रीने कापून कप मोकळे करण्यात अर्धा दिवस गेला. तो वाफा सध्या उन्हात पालथा पडलाय. वांग्याची रोपं ट्रेमध्ये तयार आहेत, यावेळी दोनच लावणार.