मेनू दिसतो आणि गपकन मिटतो: लपवायचं कुठून?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका मिसळवाल्यांना साइटवर मेनू मिटलेला हवा होता. 'मिसळ'वर बोट ठेवलं की तेवढाच भाग उघडणार. पण टेबलावरचा क्यूआर स्कॅन केला की मिसळीपासून जिलेबीपर्यंत अख्खी यादी आधी अंगावर यायची, मग मिटायची. मालक म्हणाले, "हे डोळे मिचकावतंय का?"

चूक माझीच. लपवण्याचं काम मी जावास्क्रिप्टच्या 'डॉमकंटेंटलोडेड' या इव्हेंटवर, म्हणजे ब्राउझरच्या एका इशाऱ्यावर, टाकलं होतं. तो इव्हेंट येतो सगळं एचटीएमएल (पानाचा सांगाडा) वाचून झाल्यावर. ब्राउझर तोवर हाती आलेलं रंगवून मोकळा होतो. ऑफिसच्या वायफायवर हे कळतही नाही. ही पद्धत पानाच्या तळाशी असलेल्या भागापुरती चालेल, एरवी नको.

सीएसएसमध्येच (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) थेट 'डिस्प्ले नन', म्हणजे 'दाखवूच नको', लिहिलं तर ही क्षणभराची चमक जाते. पण जावास्क्रिप्ट चाललीच नाही तर भाव कुणालाच दिसत नाहीत. पॉपअपसारख्या, स्क्रिप्टशिवाय अर्थच नसलेल्या गोष्टींना हे बरं.

मेनूसाठी मी घेतला तो तिसरा मार्ग. हेडमध्ये, म्हणजे पानाच्या न दिसणाऱ्या सुरुवातीच्या भागात, एका ओळीची स्क्रिप्ट एचटीएमएल टॅगला 'जेएस' क्लास (खुणेचं नाव) लावते, आणि सीएसएस तो क्लास असेल तरच मेनू लपवतं. बॉडी, म्हणजे दिसणारा भाग, सुरू व्हायच्या आधीच काम उरकलेलं असतं. ओळ पानातच लिहायची. ती वेगळ्या फाइलमध्ये टाकून डिफर (पान वाचून झाल्यावर चालव, अशी सूचना) लावलात तर मुसळ केरात. सीएसपी, म्हणजे कुठली स्क्रिप्ट चालू द्यायची हे ठरवणारे साइटचे सुरक्षा नियम, कडक असतील तर नॉन्स नावाचा परवानगीचा कोडही द्यावा लागतो. इथेही मी एकदा आपटलो: रेंज गेली, मेनू उघडणारी मुख्य जावास्क्रिप्ट फाइल आलीच नाही. क्लास लागलेला, मेनू मिटलेला, उघडणारं कुणी नाही! आता त्या फाइलच्या स्क्रिप्ट टॅगवर ऑनएरर असतो, फाइल आली नाही की तो क्लास काढून टाकतो.

दुसऱ्याच्या साइटवर ब्राउझर एक्स्टेंशनमधून लपवायचं असेल तर डॉक्युमेंट-स्टार्टलाच, म्हणजे पान सुरू होतानाच, स्टाइल घुसवा. म्युटेशनऑब्झर्व्हर (पानातल्या बदलांवर नजर ठेवणारी जावास्क्रिप्टची सोय) तेव्हाच, जेव्हा आतला मजकूर वाचून ठरवायचं असतं, कारण सीएसएस सिलेक्टरला (नियम कशाला लागू हे निवडणाऱ्या भागाला) मजकूर वाचता येत नाही. ऑब्झर्व्हरचं कॉलबॅक (बदल दिसला की चालणारा कोड) रंगकामाआधी चालतं खरं, पण पानातल्या प्रत्येक बदलामागे धावतं.

ए/बी चाचणीवाले, म्हणजे वेगवेगळ्या लोकांना पानाची वेगवेगळी रूपं दाखवून बघणारे, रूप ठरेपर्यंत अख्खं पानच झाकून ठेवतात. 2023 मध्ये बंद झालेल्या गूगल ऑप्टिमाइझ या चाचणीच्या साधनाच्या स्निपेटमध्ये (पानात चिकटवायच्या कोडमध्ये) त्याला 4 सेकंदांची मर्यादा असायची. तेवढ्यात गिऱ्हाईक वेटरला ऑर्डर देऊन मोकळं होतं.

आणि सीएसएसमधलं 'व्हिजिबिलिटी हिडन' वस्तू लपवतं, पण तिची जागा अडवून ठेवतं, एवढं ध्यानात असू द्या. मिटलेल्या मेनूला ते नको, मध्येच पोकळी दिसते. पण वरची 'आज सुट्टी'ची पट्टी उशिरा येणार असेल तर तेच लावा, म्हणजे बोट टेकवायच्या वेळी खालचं बटण सरकत नाही.